कोणत्या खात्यात? – श्रम, लोकमत आणि आपली समीक्षा

सोलापूरच्या अर्थकारणावर बोलणे निघाले की काही विधाने हमखास ऐकू येतात. गिरण्या होत्या तोवर या गावात सोन्याचा धूर निघत होता. संपांनी आणि लाल बावट्याने गिरण्या खाल्ल्या. गिरणीच्या दारात जातपात नव्हती, भोंगा झाला की सगळे सारखे. शुक्रवार पेठेतल्या चहाच्या टपरीवर ही विधाने निवृत्त कारकून करतो, व्यापारी करतो. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ती छापून येतात आणि महाविद्यालयीन परिसंवादात पाहुणे वक्ते तीच जरा जड भाषेत मांडतात. इतक्या तोंडांतून फिरले की विधानाला प्रतिष्ठा येते. मग त्याला कोणी मत म्हणत नाही, लोकमत म्हणतात. आणि एकदा लोकमत म्हटले की पुरावा मागणारा माणूस विघ्नसंतोषी ठरतो.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी या विधानांचे काय करायचे ते करावे. प्रस्तुत लेखक साहित्य शिकवतो आणि त्याचे म्हणणे एवढेच आहे की हे लोकमत मुळात एक कथा आहे, तेव्हा तिची समीक्षा करणे हे आपलेही काम आहे. या कथेला नायक आहे, तो म्हणजे गिरणी. खलनायक आहे, तो म्हणजे संप. शेवट करुण आहे. नाही ते एकच : तिच्यात काम करणारा माणूस कोणते काम करत होता, याचा उल्लेख नाही. 'गिरणीत होता' एवढ्यावर ती थांबते. आमच्याही घरात आजोबा गिरणीत होते हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाई आणि तिथेच संपे. पुढे कधीतरी आजीला विचारले, कोणत्या खात्यात? ती सहज म्हणाली, "झाडायला हुता की रं." घरातल्या पहिल्या पदवीधराला गिरणीचा इतिहास या चार शब्दांत जेवढा कळला तेवढा कोणत्याही पुरवणीत कळला नाही.

कोणत्या खात्यात, हा प्रश्न गिरणीच्या बाबतीत किती मूलभूत आहे हे बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून दिले होते. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे की धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा स्पृश्य विणकर कसा हाती घेणार? साळखात्याची मजुरी जास्त होती. अस्पृश्याच्या वाट्याला सूतखाते आणि त्याहून खालची कामे. म्हणजे विटाळाच्या कल्पनेला दरमहा रुपया-आण्यांत मोजता येईल असा भाव होता, आणि तो भाव यंत्रयुगाने ठरवला होता. मनूच्या काळात धोटा तोंडाने ओढणारी गिरणी नव्हती. १९२८ च्या मुंबईतील सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला आणि सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी म्हणून हट्ट धरला. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मालकांनी दिलेले उत्तर मात्र मोठे मार्मिक होते : हा अन्याय असेल तर त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. ते खोटे बोलत नव्हते. साळखात्याचे दार आतून लावलेले होते आणि कडी कामगारांच्याच हातात होती. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे असा सिद्धांत मांडला, त्यामागे या साळखात्याचा अनुभव आहे असे आम्हाला वाटते. तो सिद्धांत आपण व्याख्यानांतून सारखा उद्धृत करतो. त्यातला धोटा मात्र आपल्याला दिसत नाही.

सोलापुरात याहून वेगळी एक गोष्ट घडली आणि तिच्याविषयी हे शहर बोलत नाही. येथील पहिली मोठी गिरणी, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, जिला लोक जुनी मिल म्हणतात, ती १८७७ ची. पुढील तीसएक वर्षांत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांना माणसे हवी होती. इंग्रज सरकारच्या हाताशी माणसे होती : गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले ते पारधी, कैकाडी, मांग-गारुडी आणि इतर. त्यांच्यासाठी सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. तारेचे कुंपण, हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि काम गिरणीत. ज्या भोंग्याने म्हणे सगळे सारखे होत होते, त्याच भोंग्याला ही माणसे कुंपणातून निघत आणि पाळी संपली की कुंपणात परत जात. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव आजही सोलापूरच्या पत्त्यांत आहे आणि पोस्टमन ते रोज वाचतो. १९३० च्या मार्शल लॉचा, फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा या शहराला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु त्याच काळात त्याच शहरात कुंपणाआडून कामाला नेल्या जाणाऱ्या माणसांना 'सोन्याचा धूर' कसा दिसत असेल, हे लोकमताने त्यांना कधी विचारले?

आता संपांनी गिरण्या खाल्ल्या या विधानाकडे वळू. जुनी मिल पहिल्यांदा बंद पडली ती १९४९ च्या ऑगस्टमध्ये. केंद्र सरकारने १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि पुढे त्याचा कायदा झाला. या कायद्याच्या प्रास्ताविकात गिरणीच्या दुरवस्थेचे कारण स्पष्ट नोंदवले आहे : कंपनीच्या कारभारातील गैरव्यवस्था आणि हेळसांड. संपाचा शब्द तिथे नाही. त्या कायद्याविरुद्ध कंपनीचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिल्या दाव्याचा निकाल १९५० च्या डिसेंबरात त्यांच्याविरुद्ध गेला; दुसऱ्यात, १९५३ च्या डिसेंबरात, न्यायालयाने भागधारकाच्या मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही 'सोलापूर केस' अभ्यासावी लागते. गिरणी बंद पडल्याने ज्यांच्या चुली विझल्या त्यांचा उल्लेख त्या प्रास्ताविकात आहे, नाही असे नाही. समाजाच्या एका विशिष्ट घटकात गंभीर बेकारी निर्माण झाली, एवढ्या शब्दांत. भागधारकाला नाव आहे, त्याचे शेअर किती ते मोजलेले आहेत. बेकार माणूस हा 'विशिष्ट घटक' आहे.

याचा अर्थ संप नेहमी बरोबरच होते असा काढू नये. मुंबईचा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप अडीच लाख कामगारांना कुठे घेऊन गेला हे आपण जाणतो. पण ज्या शहराच्या सर्वांत जुन्या गिरणीचे पहिले आजारपण सरकारी कायद्याने मालकांच्या पदरात टाकले, त्याच शहरात सत्तर वर्षांनंतर लोकमत ते कामगाराच्या पदरात टाकते, तेव्हा लोकमताची घडण कोण करतो असे विचारावेच लागते.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. जुनी मिल ज्या वर्षी सुरू झाली त्याच १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. पुढे ते चालवणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. या देशातले कामगारांचे पहिले लोकमत सत्यशोधकांच्या छापखान्यातून बाहेर पडले. आज रविवारी दुपारी झोपून उठल्यावर जे सद्गृहस्थ युनियनच्या नावाने बोटे मोडतात त्यांना ती झोप कोणी मिळवून दिली हे माहीत नसते. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. पत्राचे नावच मुळी मुक्यांचे होते. आणि २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या वकिलांपुढे लोकशाहीच्या यशाच्या अटी सांगताना बाबासाहेबांनी एक अट अशी सांगितली की समाजाला सार्वजनिक सदसद्विवेक असला पाहिजे : अन्याय कोणावरही होवो, तो सोसणारा आपल्यातला असो वा नसो, त्याने अस्वस्थ होणारे मन. लोकमत आणि हा लोकविवेक या वेगळ्या गोष्टी आहेत. लोकमत मोजता येते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ च्या जुलैत विधिमंडळात मंजूर झाला तेव्हा विरोधकांनी लोकमताचाच हवाला दिला होता, आणि त्या लोकमताने जाळलेली घरे कोणत्या वस्त्यांतली होती हे सांगायला नको.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल म्हणून अलीकडचे उदाहरण घेतो. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली. ती विमानाच्या मार्गात येत होती. त्याआधी कित्येक वर्षे शहरात दोन लोकमते होती. एक म्हणे विमान आले की उद्योग येतील, तरुणांना काम मिळेल. दुसरे म्हणे चिमणी पडली की शेतकरी पडेल. दोन्ही बाजूंना तळमळ होती आणि दोन्ही बाजूंना काही तथ्य होते. पण उचल घेऊन, मुलेबाळे बैलगाडीत घालून, थंडीत फडावर येणाऱ्या ऊसतोड्या जोडप्याचे मत या दोन्हींपैकी कोणत्या लोकमतात धरले होते? कारखान्याच्या अर्थकारणाची पहिली मोळी त्यांच्या डोक्यावर असते. चर्चेत ती कोणाच्याच डोक्यात नव्हती.

आता साहित्याकडे. मराठीतले गिरणीचे साहित्य थोर आहे याबद्दल वाद नाही. नारायण सुर्वे यांनी 'माझे विद्यापीठ' (१९६६) मध्ये कामगाराला मराठी कवितेचा कर्ता केला. जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हे संपोत्तर गिरणगावाचे नाटक पुन्हा पुन्हा पाहावे असे आहे; घर कसे आतून कुजते हे त्यांच्याइतके निर्दयपणे कोणी दाखवले नाही. तरीही हे गिरणगाव प्रामुख्याने एका चाळीतून पाहिलेले आहे. शेजारी दुसरीही चाळ होती. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली, तेव्हा एकाच गिरणीत एकाच पाळीला जाणारी माणसे एकमेकांवर दगड फेकत होती. दहा जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडाने मारले गेले. कामगार म्हणून एकत्र आलेल्या माणसांना वस्तीत परतल्यावर काय होते, हा प्रश्न सुर्व्यांच्या विशाल करुणेतून निसटतो. तो बाबुराव बागुलांनी वरळीच्या अकरा वर्षे आधी पकडला होता.

'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा आपण अस्पृश्यतेची कथा म्हणून शिकवतो. ती तशी आहेच. परंतु ती पुन्हा एकदा कामाच्या ठिकाणाची कथा म्हणून वाचावी, अशी विनंती आहे. नायक रेल्वेत नोकरीला लागतो. सहकारी त्याच्या बुद्धीचे, त्याच्या वाणीचे कौतुक करतात. त्या चार दिवसांत नव्या देशाची, श्रमाच्या राज्याची स्वप्नेही बोलली जातात. जात उघड होते आणि तेच हात उठतात. बागुल मार्क्सवादी होते. श्रमिकांच्या एकजुटीवर त्यांची निष्ठा होती. म्हणूनच एकजूट नेमकी कुठे फाटते हे त्यांना दाखवता आले. निष्ठा असलेल्या माणसाने मोडतोड दाखवली की ती टिंगल राहत नाही. १२-१३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते; रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढेच सांगितले होते. बागुलांची कथा रेल्वेत घडते हा योगायोग असेल, पण समीक्षकाने तो सोडून का द्यावा?

येथे आपल्या घरात डोकावले पाहिजे. दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास वर्षांत वेदना, विद्रोह, नकार ही परिभाषा घडवली. तिचे ऐतिहासिक मोल कोणी नाकारू नये. प्रस्थापित रसशास्त्राला तिने जागा दाखवून दिली. पण या परिभाषेच्या चाळणीतून एक गोष्ट सतत खाली गळत गेली, ती म्हणजे काम. आत्मकथने आली, आपण त्यांत भूक शोधली, अपमान शोधला, आणि कामाच्या पानांवरून भराभर पुढे गेलो.

'बलुतं' (१९७८) घ्या. पुस्तकाचे नावच मुळी एका अर्थव्यवस्थेचे आहे. महाराने गावाची बावन्न कामे करायची आणि बदल्यात हक्काच्या नावाखाली उष्टे-शिळे आणि खळ्यावरचे धान्य घ्यायचे, याला मजुरी म्हणायचे की भीक, की वेठ? बाबासाहेब १९२८ पासून महारवतनाच्या कायद्याशी झुंजत होते ते याच प्रश्नासाठी. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. दया पवारांचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. गावचे बलुते आणि गोदीचा पगार यांच्यामध्ये एक कुटुंब लोंबकळते आहे, हा 'बलुतं'चा खरा कणा आहे असे आमचे मत आहे. परंतु त्या पुस्तकावरची वादळे आठवून पाहा : लेखकाने घरातले का उघडे केले, यावर रकानेच्या रकाने, बलुते आणि पगार यांच्यावर दोन ओळी.

'अक्करमाशी' (१९८४) तर आमच्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. बाप कोण, या एका प्रश्नाभोवती त्याची सारी समीक्षा फिरली. तो प्रश्न लेखकाचाच आहे हे खरे. पण त्या घरातला दस्तगीर जमादार, ज्याला लेखक दादा म्हणतो, बसस्टँडवर हमाली करतो, आणि संतामाय झाडलोट करते. एक मुसलमान हमाल आणि एक महार बाई मिळून एक पोर वाढवतात. धर्म वेगळा, जात वेगळी, पोट एक. श्रमिकांच्या ऐक्यावर व्याख्याने देणाऱ्यांना याहून चांगला धडा कुठे सापडणार? तो सापडला नाही, कारण त्यांनी हमालीकडे पार्श्वभूमी म्हणून पाहिले. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) हेच सांगते. ज्यांना चोर म्हणून जन्म मिळाला त्यांच्यातला मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतो, युनियनमध्ये पडतो. चोरीचे प्रसंग वाचक चवीने वाचतो. सूतगिरणीची पाने त्याला रुक्ष वाटतात. सेटलमेंटचे सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून ती वाचली तर रुक्ष वाटत नाहीत.

याला अपवाद स्त्रियांनी घातला. ऊर्मिला पवारांच्या आत्मकथनाचे नाव 'आयदान' (२००३) आहे, म्हणजे बांबूच्या विणकामाचे नाव. आई सूप-टोपल्या विणते आणि मुलगी पुस्तक विणते, असा तो धागा आहे. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये बाईच्या अंगावर पडणारे काम इतके बारकाईने येते की वाचताना आपलीच कंबर दुखावी. पुरुषांच्या आत्मकथनांत आई कष्ट करते. इथे कोणते कष्ट ते कळते. 'आई राबराब राबली' हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या निबंधांत, कवितांत, आणि खरे सांगायचे तर आपल्या मान्यवर लेखकांच्या मुलाखतींतही इतक्या वेळा वाचले आहे की ते दिसले की मी थांबून विचारतो : म्हणजे काय केले?

वर्गात एकदा मुलांना घरच्या माणसांची नावे आणि कामे लिहून आणायला सांगितली. वडिलांच्या पुढे काहीबाही लिहिले होते, यंत्रमाग, रिक्षा, बिगारी, सेंट्रिंग. आईच्या पुढे बहुतेकांनी लिहिले होते, 'काही नाही, घरीच असते.' विचारत गेल्यावर कळले की घरीच असणाऱ्या या आयांपैकी कितीतरी जणी विडी वळतात. विडीचे काम या शहरात हजारो बायका करतात. त्यांत तेलुगुभाषक पद्मशाली बायका मोठ्या संख्येने आहेत, आणि आपल्या वस्त्यांतल्याही आहेत. पान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजाराच्या हिशोबाने. कारखान्यात माल नेला की तपासणारा नापसंत विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात, आणि त्या विड्यांची मजुरी मिळत नाही. पान कमी भरले तर पदरचे घालून हजार पुरे करायचे. ही बाई जनगणनेत मुख्य काम करणारी म्हणून नोंदली जायची तर तिने वर्षातले सहा महिने तरी काम केले असे कोणीतरी सांगायला हवे. दारात आलेल्या माणसाला घरचा पुरुष सांगतो, 'ती घरीच असते.' आणि मग अर्थव्यवस्था सुधारते आहे का, नोकऱ्या वाढल्या का, असे प्रश्न घेऊन पाहण्या होतात, त्यांचे टक्के छापून येतात. जिचे काम काम म्हणून मोजलेच नाही तिचे मत कामाविषयीचे मत म्हणून कसे मोजणार?

या बायकांनी स्वतः मात्र वाट पाहिली नाही. माकपचे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्या वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिल्या आणि कुंभारीजवळ त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ च्या सप्टेंबरात तिचे हस्तांतर झाले. पुढे तीस हजार घरांच्या रे नगरची योजना आली, तिच्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. पहिल्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. त्यांचे पती शामराव परुळेकर १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रत्नागिरीतून निवडून आले होते. त्याच निवडणुकीत त्याच पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे सोलापुरातून निवडून आले. लाल आणि निळ्या झेंड्यांचे भांडण सांगणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी ही जोडी कधीतरी आठवावी. अर्थात आमची तक्रार लाल झेंड्याकडेही आहेच : घरकुलांच्या इतिहासात विडी कामगार असते, तिची जात क्वचित असते. दरम्यान १९६६ चा विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितेत विरघळवला गेला. या प्रश्नावर शहरात लोकमत तयार झाल्याचे ऐकिवात नाही.

आणि शेवटी आपण, म्हणजे हे त्रैमासिक वाचणारे आणि लिहिणारे. आपल्या आत्मकथनांचा एक साचा बनून गेला आहे. भूक, शाळा, वसतिगृह, पदवी, नोकरी. नोकरी लागली की पुस्तक संपते. जणू टेबलाशी बसल्यावर माणूस काम करायचा थांबतो. कचेरीत कोणती फाईल कोणाकडे जाते, रजेवर गेलेल्या माणसाचे काम कोणाच्या टेबलावर येऊन पडते, गोपनीय अहवालात काय लिहिले जाते, बँकेत रोखपालाच्या खिडकीवर कोणाला बसवतात, हे आपल्या साहित्यात अजून नीट आलेले नाही. शिक्षकांचे तर विचारूच नका. राज्यातल्या महाविद्यालयांत आज कितीतरी पदवीधर, नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही. हजार विड्यांचा हिशोब आणि तासांचा हिशोब यांत फार अंतर नाही, आणि बिलातून गाळलेल्या तासाला छाट म्हणायला हरकत नसावी. त्यांच्यातले बरेच जण आपल्याच घरांतले पहिले पदवीधर आहेत. ते कविता लिहितात, आणि कवितेत सूर्य असतो, मशाल असते, चवदार तळे असते. हजेरीपट असत नाही.

पुढच्या अंकांसाठी संपादकांकडे एक मागणी आहे. कविता थोड्या कमी छापाव्यात आणि प्रत्येक अंकात चार पाने कामाला द्यावीत : कोणी कोणत्या खात्यात काम केले, मजुरी किती, मुकादम कोण, पाणी कुठे प्यायचे, डबा कोणाशेजारी बसून खाल्ला. लिहिणाऱ्याला लेखक असण्याची अट घालू नये. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते घरकामाचे पान दुसऱ्यांदा लिहून आणले तेव्हा 'काही नाही, घरीच असते' खोडून आईपुढे लिहिले होते, विडी वळते, आणि खाली दोऱ्याच्या रिळाची किंमत, कारण तो दोरा आईच्या पदरचा असतो.